खिळे

कागदावर पाच हजार.
प्रत्येक लीजनला हाच आकडा, इस्त्री केल्यासारखा.
कुणी म्हणतं चार हजार दोनशे, कुणी सहा,
आणि तळटिपांत सगळे एकमेकांचे पाय ओढतात.
मी तीन उन्हाळे ह्यात घालवले,
राजारामपुरीत, दुसऱ्या गल्लीत,
कुरकुरणाऱ्या पंख्याखाली.

आठ माणसांना एक तंबू, एक जातं, एक खेचर.
दहा तंबूंची तुकडी. नाव शंभराचं, माणसं ऐंशी.
माणशी दिवसाला किलोला थोडे कमी गहू.
कोठाराच्या भिंती मोजल्या
की पोटं मोजता येतील,
असं मला वाटायचं.
पण कोठार कधी भरलेलं होतं, कधी अर्धं,
हे भिंती सांगत नाहीत.
पटावरचा कोण आजारी, कोण रजेवर,
कोण मेला तरी ज्याचा पगार कुणीतरी उचलत राहिलं,
हे पट सांगत नाही.

सुभाषनगरात सिद्राम व्हटकरांकडे
अंगठा तुटलेलं पायताण घेऊन गेलो
आणि हे सगळं त्यांना सांगत बसलो.
का, ते ठाऊक नाही.
समोरच्याची मान खाली असली, हातात रापी असली
की मला बोलता येतं.

शंभरात ऐंशी म्हणल्यावर हसले.
"आमचा व्यापारी शेकड्याला एकशेपाच जोड उचलतोय.
ह्यो तुमचा बादशा ऐंशीलाच शंभर म्हणतोय,
बरा हाय की."

मग म्हणाले,
"खासबागेत कुस्ती झाली की दुसऱ्या दिशी पेपरात लाख माणूस.
मी बारका असताना दारात बसायचो, तुटकी पायतानं शिवत.
किती पाय आत गेलं, मला इचारा.
जिंकल्याला गडी लई दिसत्यात, मास्तर.
हरल्याला त्याहून लई."

तीन उन्हाळे,
आणि हे वाक्य वहीत नव्हतं.

"पायात काय हुतं त्येंच्या?"

जाड तळवा, म्हणालो. खाली लोखंडी खिळे,
एकेका पायाला ऐंशी-नव्वद.
चालता चालता गळायचे.
आता तिकडे लोक यंत्र घेऊन डोंगर हुंगतात,
गंजका खिळा सापडला की म्हणतात,
इथून फौज गेली.

रापी थांबली.
"खिळा केवढा?"
मी करंगळीचं नख दाखवलं.
ते नखाकडे बघत राहिले, धंद्याचं बघावं तसं.
"पाच हजार जोड.
म्हयन्याला तळवा झिजणार, खिळं गळणार.
मग शिवणारी मान्सं किती हुती?
ती धरली का न्हाई तुमी?"

धरली नव्हती.
शिवणारी नाही, दळणारी नाही,
खेचरामागची पोरं नाहीत,
रक्ताचे कपडे नदीवर नेणारी नाहीत.
आपल्याकडे शब्द आहे, बाजारबुणगे.
शब्द असला की वाटतं, मोजून झाले.

सिद्रामांनी अंगठ्यात वादी ओवली,
दातांनी ओढली, पायताण उलटं करून दाखवलं.
"आमच्यात खिळा नसतोय.
सगळं कातडं. मातीत गेलं की माती.
आमची फौज गेली असती
तर तुमच्या यंत्राला कळलं नसतं."

टाउन हॉलमध्ये काचेमागे एक चिमुकला समुद्रदेव आहे,
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला, ब्राँझचा, तिकडचाच.
बंदरापासून घाट चढून
पंचगंगेपर्यंत त्याला कुणीतरी आणला.
किती जणांनी, किती बैलांनी,
वाटेत किती वेळा खाली ठेवून घाम पुसला?
फलकावर शतक लिहिलंय.
पाय लिहिलेले नाहीत.

मी पायताण घातलं. अंगठा घट्ट बसला,
थोडा जास्तच.
"सैल हुतंय चालून," म्हणाले.

किती झाले?

त्यांनी पुढचा जोड उचलला होता.
मान वर न करता म्हणाले,
"द्या की, अंदाजानं."